दोन आण्यांचे दगडफूल

बाबांच्या जुन्या ट्रंकेत मला यंदा फाल्गुनात वहीचा एक घडी घातलेला कागद सापडला. शाळेच्या एकरेघी वहीतून फाडलेल्या त्या कागदावर पाचवीतल्या मुलाच्या ठसठशीत अक्षरांत आजीने सांगितलेली वर्षाच्या मसाल्याची यादी होती. 'सुकी मिरची २ शेर, धणे अर्धा शेर, खोबरे पाऊण शेर, लवंग ३ तोळे, मिरी ३ तोळे, दालचिनी ३ तोळे' अशा ओळी एकाखाली एक नीट लिहिलेल्या होत्या आणि मध्येच एका ओळीत 'दगडफूल २ आण्याचे' एवढेच होते. कागदाच्या तळाशी वेगळ्या शाईने दोन ओळी वाढवलेल्या दिसत होत्या: 'बडीशेप ४ तोळे, नागकेशर १ तोळा'. यादीवर १९५८ साल घातलेले होते. १९५७ साली दशमान नाणी आली आणि पुढच्याच वर्षापासून मेट्रिक वजनेही लागू होऊ लागली, परंतु लालबागच्या चाळीतल्या माझ्या आजीचा हिशेब त्यानंतरही पुष्कळ काळ शेर, तोळे आणि आणे यांतच चालत राहिला.

आजीच्या पश्चात आईने मसाला केला तो हाताच्या अंदाजाने, त्यामुळे या कागदाची कोणाला गरज पडली नाही. आता आईला उन्हात बसवत नाही आणि मसाला माझ्याकडे आला आहे. दोन वर्षांपूर्वी मी घराजवळच्या एका दुकानातून मिरची घेऊन पहिला प्रयत्न केला होता. ती मिरची आतून ओलसर निघाली आणि श्रावणात बरणी उघडली तेव्हा वरच्या थराला बुरशी आली होती. वर्षभराचा मसाला फेकून देताना आईच्या चेहऱ्यावर जे दिसले ते मला पुन्हा पाहायचे नव्हते. म्हणून चैत्रातल्या एका शनिवारी, तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून आणि बाबांना बरोबर घेऊन, मी डोंबिवलीहून धीम्या गाडीने निघाले. आधी मस्जिद बंदरला उतरायचे आणि मग करी रोडला, हा क्रम बाबांनी ठरवला, कारण आमच्या घरात गरम मसाला मस्जिदहून आणि मिरची लालबागहून येत असे.

मस्जिदहून येत असे याचे कारण माझे आजोबा. ते साताऱ्याच्या पाटण तालुक्यातून मुंबईला आले आणि त्यांनी मस्जिद बंदरच्या गुदामांत मसाल्याची पोती वाहिली. मुंबईच्या मसाल्याच्या व्यापाराचा इतिहास बहुतेक वेळा पेढ्यांचा म्हणून सांगितला जातो, आणि तो खोटा नाही. कच्छी, गुजराती, बोहरी व्यापाऱ्यांनी हा बाजार उभा केला आणि नरसी नाथा स्ट्रीट, काझी सय्यद स्ट्रीट ही नावे आजही त्याची साक्ष देतात. पण जहाजातून उतरलेली लवंग पेढीपर्यंत ज्या पाठींवरून पोहोचली त्यांत सातारा, सांगली, पुणे या भागांतल्या मराठी माणसांच्या पाठी फार होत्या. त्यांना ना ठरलेली मजुरी होती ना रजा. अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला, तेव्हा आजोबांची निम्म्याहून अधिक उमेद त्या गुदामांत खर्च झालेली होती. हळदीचे पोते जड असते पण निरुपद्रवी, मिरचीचे पोते हलके असते पण संध्याकाळपर्यंत मान जाळत राहते, असे ते सांगत. पोते उचलण्याचा त्यांचा लोखंडी आकडा अजून आमच्याकडे आहे. त्याच्या मुठीला इतक्या वर्षांनी कसलाही वास उरलेला नाही, हे मी दर वेळी हुंगून पाहते.

स्टेशनाबाहेर पडल्यावर बाबा एकदम तरुण माणसासारखे चालू लागले. भात बाजार, दाणा बंदर, चिंच बंदर, काथा बाजार ही नावे ते शाळेतल्या कवितेसारखी म्हणत होते. एकेका गल्लीत एकेका मालाची वखार असावी आणि मालानेच गल्लीला नाव द्यावे, ही या भागाची जुनी रीत. स्टेशनाचे नाव मात्र मालावरून आलेले नाही आणि ते मुसलमानांच्या मशिदीवरूनही आले नसावे. जवळच्या सॅम्युअल स्ट्रीटवर बेने इस्रायली ज्यूंचे 'शार हरहमीम' हे प्रार्थनास्थळ आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी ते १७९६ साली स्थापन केले आणि त्यालाच लोक 'जुनी मशीद' म्हणू लागले. दिवेकर हे आडनाव वाचून ज्यांना आश्चर्य वाटेल त्यांना सांगायला हवे, की हा समाज कोकणातून मुंबईला आला, घरात मराठी बोलत आला आणि रायगडच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवत असताना शब्बाथच्या दिवशी घाणा बंद ठेवतो म्हणून 'शनिवार तेली' म्हणून ओळखला गेला. आम्ही त्या रस्त्यावरून गेलो तो नेमका शनिवार होता.

मसाल्याचा मोठा घाऊक व्यापार आता इथून हलून तुर्भ्याच्या बाजार समितीत गेला आहे, आणि त्याच्या मागोमाग माथाडींची कुटुंबेही कोपरखैरणे, घणसोलीकडे गेली. तरीही मस्जिदच्या गल्ल्यांत अजून पुष्कळ पेढ्या आहेत आणि हातगाड्यांमधून वाट काढताना नाकाला आधी वेलची, मग जिरे, मग अचानक हिंग, असे एकेक दुकान डोळे मिटूनही ओळखता येते. आम्ही ज्या पेढीवर गेलो तिथल्या गुजराती शेठनी अगत्याने बसवले आणि पितळी ताटल्यांत नमुने मांडले. लवंग कशी पाहावी ते त्यांनी दाखवले: डोक्यावरची गोल कळी शाबूत हवी, नखाने दाबल्यावर देठाला तेलाचा ओलावा दिसायला हवा, आणि पाण्यात टाकली तर ती बुडायला किंवा निदान उभी राहायला हवी. तेल काढून घेतलेली लवंग कोरडी आणि सुरकुतलेली असते आणि पाण्यावर आडवी तरंगते. मिरीत पपईच्या बिया मिसळतात हे मला ऐकून माहीत होते, पण दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्यावर पपईची बी किती हलकी आणि लांबट असते ते प्रथमच नीट दिसले. लवंग, मिरी, दालचिनी, जायपत्री असे सगळे आम्ही तिथे घेतले. कागद मात्र शेठना उलगडला नाही. 'हे आण्याचं माप मला नाही समजत, बेन. दगडफूल पाव किलोच्या खाली मी तोडत नाही,' असे त्यांनी प्रांजळपणे सांगितले आणि लालबागला विचारा म्हणून सुचवले.

करी रोडला उतरून डॉक्टर आंबेडकर रस्त्याच्या दिशेने चालत गेले की लालबागची मिरची गल्ली दिसण्याआधी ठसक्यानेच कळते. चैत्र-वैशाखात तिथून जाणारा प्रत्येक माणूस तोंडाला रुमाल लावून चालत असतो. दुकानांसमोर पोत्यांची तोंडे वळवून मिरची मांडलेली असते आणि त्या रंगांत नीट पाहिले तर एकही तांबडा दुसऱ्यासारखा नसतो. ब्याडगी काळपट लाल आणि सुरकुतलेली असते, तिखटाला सौम्य आणि रंगाला भरपूर. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या या मिरचीला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. काश्मिरी तिच्याहून उजळ, गुंटूरकडची तेजा लहान, गुळगुळीत आणि जहाल, तर लवंगी नावाप्रमाणेच बारीक. आजीच्या काळी आमच्या मसाल्यात संकेश्वरी हीच मुख्य असायची, लांब, पातळ सालीची, तिखट आणि रंग दोन्ही देणारी. गडहिंग्लजच्या बाजारात आजही तिचे सौदे निघतात, पण खऱ्या जवारी संकेश्वरीचे पीक फार कमी राहिले आहे.

या सगळ्या मिरच्या आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर समुद्र ओलांडून आल्या, हे मला त्या गल्लीत उभे असताना नेहमी विलक्षण वाटते. ज्ञानेश्वरांच्या काळातल्या स्वयंपाकात मिरची नव्हती. तिखटपणासाठी मिरी होती, आणि नवे फळ आले तेव्हा आपण त्याला मिरीच्याच घरचे नाव देऊन मिरची केले. एखादी परकी वस्तू इतकी आपली व्हावी, की तिच्यावाचून सातारा, कोल्हापूर, मालवण यांची ओळखच सांगता येऊ नये, याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

ज्या दुकानात बाबा लहानपणी जात ते आता राहिले नाही, म्हणून त्याच रांगेतल्या एका जुन्या दुकानात आम्ही शिरलो. गल्ल्यावर साठीतले एक गृहस्थ बसले होते. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो डोळ्यांजवळ धरला, आणि त्यांचा पहिला प्रश्न ऐकून मी थबकले. 'ताई, हा शेर कोणता? पक्का की मुंबईचा?'

मला शेर एकच माहीत होता. पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे आजच्या मापाने सुमारे ९३३ ग्रॅम. पण जुना मुंबई शेर त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढाच असे. चुकीचा शेर धरला असता तर मसाल्याची सगळी घडीच बिघडली असती. बाबांनाही आठवेना. त्या गृहस्थांनी उत्तर यादीतूनच काढले. 'लवंग तीन तोळे म्हणजे पस्तीस ग्रॅम झाली. मिरची दोन पक्के शेर धरली तर पावणेदोन किलोच्या थोडी वर जाते, म्हणजे किलोला वीसेक ग्रॅम लवंग पडली, ती बरोबर बसते. मुंबई शेर धरला तर मिरची अर्ध्या किलोच्या जरा वर राहील. त्यात पस्तीस ग्रॅम लवंग घातली तर तुम्ही आमटी जिभेवर ठेवू शकणार नाही. म्हणजे आजींचा शेर पक्काच.' मी हे मोबाइलवर हिशेब करून पडताळले, त्यांनी मात्र तोंडीच केले होते.

मग त्यांचे बोट तळाच्या दोन ओळींवर गेले. 'तुमचं गाव घाटावरचं दिसतं. खोबरं, तीळ, कांदा-लसूण सगळं तसंच आहे. पण घाटावर एवढी बडीशेप कोण घालतं? शेजारी मालवणी होते का?'

बाबा क्षणभर काही बोलले नाहीत. आमच्या चाळीत भिंतीला भिंत लागून मालवणचे एक कुटुंब राहत असे, आणि त्या काकू आणि आजी वैशाखात गॅलरीत एकाच चटईवर मिरची वाळवत. बडीशेप आणि नागकेशर काकूंच्या मसाल्यातून आमच्या कागदावर आले होते, आणि काकूंच्या मसाल्यात आमच्याकडचे तीळ गेले होते. हे सारे बाबांनी मला कधी सांगितले नव्हते. सांगावे असे त्यात काही आहे असे त्यांना वाटलेच नसेल. गिरणगावात कोकण आणि घाट एका जिन्याने चढत-उतरत होते, १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर ती माणसे विरार, बदलापूर, डोंबिवलीपर्यंत पांगली, पण त्यांचे मसाले तेव्हापासून असे एकमेकांत मिसळलेलेच राहिले. त्या माणसांपैकी बरीचशी दर उन्हाळ्यात या गल्लीत परत येतात, आणि गल्ल्यावरचा माणूस यादी वाचून त्यांची चाळ ओळखतो. तयार मसाल्याची पाकिटे मीही घाईच्या वेळी वापरते आणि त्यांत वाईट असे काही नाही, परंतु कोणत्याही पाकिटावर आमच्या शेजारच्या काकूंची बडीशेप असणार नाही, आणि ज्या दुकानात आपली यादी पुढे करता येते ते दुकान चालू राहावे असे मला अगदी मनापासून वाटते.

संकेश्वरीबद्दल त्यांनी आडपडदा ठेवला नाही. खरा माल आज हाताशी नाही आणि दुसरा माल त्या नावाने देणार नाही, असे सांगून त्यांनी ब्याडगी दोन भाग आणि तेजा एक भाग असे सुचवले. ओलसर मिरचीचा माझा अनुभव ऐकल्यावर त्यांनी एक मिरची माझ्या कानाजवळ हलवली. आतले बी सुटे वाजले. मग ती दुमडली, तर ती वाकली नाही, कडकन तुटली. पुढच्या वेळी घेण्याआधी एवढे करून पाहा म्हणाले. दुकानाच्या पायरीवर दोन मावश्या देठ काढत बसल्या होत्या. त्या एका हाताने मिरची उचलत, अंगठ्याने देठ उडवत आणि बोलणे न थांबवता पुढची उचलत होत्या. किलोवर मजुरी मिळते. मी अर्धा तास हात लावला तर संध्याकाळी डोळ्याला बोट लावायची सोय राहिली नव्हती. त्या मात्र अख्खा हंगाम तसे बसतात.

राहता राहिले दगडफूल. दगडफूल हे खरे तर फूल नव्हे. खडकांवर आणि झाडांच्या सालींवर वाढणारी ती शैवाकाची एक जात आहे, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची एकत्र वाढणारी जोडी, एका बाजूने राखाडी आणि दुसऱ्या बाजूने काळी, हातात घेतली तर वाळलेल्या पापुद्र्यासारखी. कच्चे असताना तिला मातीसारखा किंचित वास असतो, आणि थेंबभर तेलात परतले की मात्र सगळ्या मसाल्याला खोली देणारा तो गंध सुटतो, जो नसला तर काय कमी आहे हे सांगता येत नाही पण कमी आहे एवढे घासागणिक कळते. 'किलोला दहा-पंधरा ग्रॅम घाला, चालेल,' असे ते म्हणाले. मी हो म्हणणारच होते. पण बाबा म्हणाले, 'दोन आण्याची पुडी मी स्वतः आणत होतो. पुडी मला आठवते.'

दुकानदारांनी वाद घातला नाही. त्यांनी रद्दी वर्तमानपत्राचा एक चतकोर फाडला, त्याचा शंकू वळला आणि बाबांसमोर धरला. बाबांनी मान हलवली, एवढा मोठा नाही. दुसरा वळला. बाबांनी तो हातात घेतला, मुठीत धरून पाहिला आणि म्हणाले की तळाला बोट जायचे नाही इतका निमुळता असे, आणि वरची घडी घालून तो सदऱ्याच्या खिशात उभा राहत असे. तिसऱ्या पुडीला त्यांनी होकार दिला. मग दुकानदार चिमटीने दगडफूल भरू लागले. पापुद्रे हलके असल्याने पुडी भरल्यासारखी दिसायची आणि बोटाने दाबली की निम्मी व्हायची. बाबा दर वेळी 'अजून' म्हणत. अखेरीस कागदाच्या कडेपाशी राखाडी पापुद्रे आले तेव्हा बाबांनी स्वतःच्या हाताने वरची घडी घातली आणि पुडी सदऱ्याच्या खिशात उभी करून पाहिली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस भर दुकानात, गिऱ्हाइके खोळंबलेली असताना, खिशाकडे खाली पाहत उभा होता, आणि कोणीही घाई केली नाही.

काट्यावर पुडी २८ ग्रॅम भरली. पावणेदोन किलोच्या वर मिरचीला हे प्रमाण दुकानदारांनी सांगितलेल्या मापातच बसत होते.

भाजणी आम्ही तिथल्याच भट्टीवर करून घेतली, कारण आमच्या इमारतीची गच्ची बंद असते. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजावा लागतो. धण्यांना वेळ लागतो, खसखस क्षणात फुटते, दगडफूल फुलले की लगेच उतरवले नाही तर कडवटते. मग घरून तळून आणलेला कांदा आणि लसूण घेऊन आम्ही डंकीवर गेलो. गिरणीत दळलेला मसाला तापतो आणि त्याचे सुगंधी तेल तिथेच उडून जाते, म्हणून आजी कुटलेल्याच मसाल्याचा आग्रह धरत असे. डंकीचे लोखंडी मुसळ एकेक करून वर जात होते आणि धप्प आवाजाने उखळात पडत होते. दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणात तिथला माणूस हात घालून मसाला वरखाली करत होता, ते पाहणे मला सहन होईना, म्हणून मी तोंड फिरवून बाकावर बसले. चाळलेला मसाला परत, चाळणीवरचा जाडसर चुरा पुन्हा उखळात, असे तीन वेळा झाले. गरम असताना डब्याचे झाकण लावू नका, वाफ धरली की मसाला टिकत नाही, असे त्यांनी बजावले.

मसाला निवेपर्यंत मी पाकिटातून कागद काढला आणि 'दगडफूल २ आण्याचे' या ओळीपुढे पेन्सिलीने '२८ ग्रॅम' असे लिहिले. बाबांनी पेन्सिल मागून घेतली. त्यांचा हात आता कापतो, पण अक्षर अजून तसेच ठसठशीत येते. माझ्या आकड्यापुढे त्यांनी लिहिले, 'पुडी दाबून, गच्च भरून.'